रांगेमागचं पुस्तक

ओव्यांची पुस्तकं आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात अगदी खालच्या कप्प्यात आहेत. ती काढायची तर फरशीवर बसावंच लागतं. गेल्या मार्चमधल्या एका दुपारी मी अशीच बसले होते. जात्यावरच्या ओव्यांचे दोन जाडजूड संग्रह पुढे ओढले आणि मागच्या पोकळीत हात घातला, कारण बारीक पुस्तकं बऱ्याचदा घसरून मागे जातात. हाताला एक पुस्तक लागलंही, पण ते घसरलेलं नव्हतं. आडवं, नीट निजवून ठेवलेलं होतं. लाल कापडी बाइंडिंग, कोपरे झिजून आतला राखी पुठ्ठा उघडा पडलेला, आणि पाठीवरच्या लेबलवर आकडा ४१०. म्हणजे भाषाविज्ञान. मी ३९८ च्या, म्हणजे लोकसाहित्याच्या, रॅकपाशी बसले होते. पुढच्या रांगेतल्या पुस्तकांवरची धूळ बोटांना लागत होती, पण या मागच्या पुस्तकावर धुळीचा कण नव्हता. त्याला रोज कुणाचा तरी हात लागत होता. मध्येच एक चिठ्ठी होती, कुठल्याशा झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूवर निळ्या बॉलपेननं लिहिलेली, बारीक आणि जरा तिरप्या अक्षरात: ‘उद्या, प्रकरण ७ पासून.’

कुणीतरी ते लपवून ठेवलं होतं.

ज्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन-चार वर्षं काढली आहेत त्यांना यात नवल वाटायचं नाही. परीक्षा जवळ आली की पुस्तकं जागा बदलतात. अर्थशास्त्राचं पुस्तक संगीताच्या रॅकमध्ये सापडतं, राज्यशास्त्राचं शेतीच्या. स्टॅकमध्ये, म्हणजे पुस्तकांच्या रॅकांच्या दालनात, पुस्तकं लावणारे एक वयस्कर मामा आहेत. मी विद्यार्थिनी होते तेव्हा ते नुकतेच कामाला लागलेले होते, आता निवृत्तीला आले आहेत. त्यांना मी ते पुस्तक दाखवलं. त्यांनी हातातही घेतलं नाही. म्हणाले, “ते होय. माहितीये मला. मागल्या आठवड्यात दोनदा जाग्यावर लावलं, दुसऱ्या दिवशी परत इथंच. मुलगी आहे मॅडम, लांबून येती. तिला कार्ड नाही.” आणि ट्रॉली ढकलत पुढे गेले. कार्ड नाही म्हणजे पुस्तक घरी नेता येत नाही. बहिःस्थ विद्यार्थी असेल, किंवा अनामत भरायला पैसे नसतील, किंवा दंड साठून कार्ड अडकलं असेल. इथे बसून वाचायची मुभा आहे, तेवढीच. आणि बसून वाचणाऱ्याला उद्याची हमी कुणी देत नाही. आज अर्धं वाचलेलं पुस्तक उद्या दुसऱ्याच्या नावावर इश्यू झालं की पुढचे पंधरा दिवस ते गेलंच. रांगेमागची ती पोकळी म्हणजे तिचं कार्ड होतं.

मी पुस्तक होतं तिथे ठेवलं, ओव्यांचे संग्रह उचलले आणि निघाले. दोन रॅक ओलांडले तर ४१० च्या कप्प्यापुढे एक मुलगा उभा. तळहातावर पेनानं कॉल नंबर, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरचा जागेचा आकडा, लिहिलेला. रांगेवरून बोट फिरवत शेवटाला जायचा आणि पुन्हा सुरुवातीला यायचा. मला राहवलं नाही. कोणतं पुस्तक शोधतोयस, म्हणून विचारलं. त्यानं तेच नाव सांगितलं. कॉम्प्युटरवर ‘उपलब्ध’ दाखवतंय, तीन दिवस शोधतोय, असं म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, नुसता थकवा होता. त्याची परीक्षाही त्याच आठवड्यात असणार. मी मागे फिरले, पुस्तक काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

आजही मला वाटतं, त्या क्षणी दुसरं काही करता आलं नसतं. जो माणूस समोर उभा राहून मागतोय आणि ज्याला ते मागण्याचा हक्क आहे, त्याला माहीत असून सांगायचं नाही हे माझ्याच्यानं झालं नसतं. पण काउंटरवर त्या पुस्तकाचा बारकोड मशीननं वाचला तेव्हा पोटात काहीतरी हललं. ती चिठ्ठी माझ्या हातात राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी लांबून येणार, सातव्या प्रकरणापासून वाचायचं म्हणून हात घालणार, आणि हाताला मागचा पत्रा लागणार. मी परत वर गेले. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलं, ‘पुस्तक इश्यू झालं आहे. १८ तारखेला परत येईल. काउंटरवर क्लेम लावून ठेव,’ आणि ती चिठ्ठी त्याच पोकळीत, ओव्यांच्या मागे ठेवली. ज्याच्याकडे कार्ड नाही त्याला क्लेम, म्हणजे परत येणाऱ्या पुस्तकावर आपला नंबर, लावता येत नाही, हे जिना उतरताना लक्षात आलं. पुढच्या खेपेला गेले तेव्हा चिठ्ठी नव्हती. तिनं घेतली की झाडणाऱ्या मावशींच्या झाडूत गेली, कळायला मार्ग नाही.

त्या पुस्तकाबद्दल थोडं सांगायला हवं. सत्तरच्या दशकात पदवीचं शिक्षण मराठीतून देता यावं म्हणून नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळानं विषयवार पुस्तकं काढली. भौतिकशास्त्रापासून तत्त्वज्ञानापर्यंत, जाणत्या प्राध्यापकांकडून लिहून घेतलेली. हे पुस्तक त्याच काळातलं, त्याच धाटणीचं. कागद पिवळा पडलाय, टाइप बारीक आहे, पण विषय असा उलगडून सांगितलाय की मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी ग्रंथाच्या आधी हेच हवं असतं. अशी पुस्तकं आता दुकानात मिळत नाहीत. आवृत्ती संपली ती संपली. पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत विचारलं तर गाइड पुढे करतात. मग जुन्या पुस्तकांच्या ढिगात नशिबानं सापडलं तर सापडलं, नाहीतर ग्रंथालयातली एकुलती एक प्रत. सगळं आता नेटवर आहे असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला मराठीतल्या या शेकडो पुस्तकांची आठवण होते. ती कुठेच नाहीत. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विद्यापीठांचे प्रबंध मिळतात, ती सोय फार मोठी आहे, पण मराठी प्रबंध बहुतेक वेळा पानांचे नुसते फोटो असतात. त्यात शब्द शोधता येत नाही, पान पान सरकवत बसावं लागतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला एक पुस्तक नाही मिळालं तर दहा पर्याय असतात. मराठीतून शिकणाऱ्याला ते पुस्तक नाही मिळालं तर काहीच नसतं. म्हणून ते लपवलं जातं.

माझ्या वेळी कॉम्प्युटर नव्हता, तालिकेची कपाटं होती. छोट्या छोट्या लाकडी खणांची कपाटं, खणाला पितळी कडी, आत पोस्टकार्डापेक्षा लहान कार्डं आणि कुणी पळवू नयेत म्हणून सगळ्यांच्या भोकातून ओवलेली एक सळई. खण ओढला की जुन्या कागदाचा आणि डांबरगोळ्यांचा वास यायचा. कार्डांच्या वरच्या कडा बोटं लागून काळपटलेल्या असायच्या आणि त्या काळेपणावरूनच कळायचं की कोणतं पुस्तक मागणीचं आहे. नवं कोरं कार्ड दिसलं की थांबून वाचावंसं वाटायचं. कार्डावरून कॉल नंबर चिठ्ठीवर उतरवायचा, खाली दाखल क्रमांक, मग स्टॅककडे. आता ओपॅकवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या तालिकेत, नाव टाइप केलं की क्षणात उत्तर येतं, आणि मी त्याबद्दल मनापासून कृतज्ञ आहे, कारण लेखकाचं नाव ‘वि. का.’ की ‘वी. का.’ या गोंधळात आमच्या किती दुपारी गेल्या. पण त्या पडद्यावरचा ‘उपलब्ध’ हा शब्द मला आता खुपतो. कॉम्प्युटरला दोनच गोष्टी ठाऊक असतात, पुस्तक इश्यू झालं किंवा परत आलं. रॅकमागे निजवलेलं पुस्तक त्याच्या लेखी कायम उपलब्ध असतं. वर्षअखेरीला साठा पडताळणी होईपर्यंत ते तसंच उपलब्ध राहतं आणि तिथे नसतंच.

त्या दिवशी ज्या रॅकपाशी बसले होते त्या आकड्याविषयी माझ्या मनात जुनी खंत आहे. मेल्विल ड्यूई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ मध्ये सगळ्या ज्ञानाची दहा भागांत विभागणी केली आणि जगभरच्या ग्रंथालयांनी ती उचलली. त्यात साहित्य आठशेच्या घरात. अमेरिकनांना ८१०, इंग्रजीला ८२०, मग जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक या सगळ्यांना एकेक दशक, आणि उरलेल्या साऱ्या जगाला मिळून ८९०. मराठी साहित्याच्या वाट्याला आलं ८९१.४६. हा दशांशचिन्हापुढचा आकडा मी विद्यार्थिदशेत इतक्या वेळा लिहिला की आजही झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. मराठी कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी ८९१.४६३. आता ओवी कुठे शोधायची? ज्ञानदेवांची ओवी गीतेच्या सोबतीनं धर्माच्या विभागात, २९४.५ मध्ये जाऊन बसते. पुढच्या कवींनी लिहिलेली ओवी कवितेत, ८९१.४६१ ला. आणि जात्यावर बसून पहाटे जिनं ओवी म्हटली, तिची ओवी ३९८ मध्ये: समाजशास्त्रांच्या शेवटाला, चालीरीतींच्या घरात, म्हणी, उखाणे आणि अंधश्रद्धांच्या शेजारी, शिष्टाचाराच्या पुस्तकांपासून हाकेच्या अंतरावर. छंद तोच, भाषा तीच, आणि तीन मजल्यांवर तीन ठिकाणी. पुस्तक कुठेतरी एकाच जागी ठेवावं लागतं, हे मला कळतं. तरी खालच्या कप्प्यात बसलेल्या त्या बायकांच्या ओव्या मी काढते तेव्हा दरवेळी वाटतं की यांना एकदा वरच्या मजल्यावर कवितेच्या रांगेत नेऊन ठेवावं.

पण मग मीही पुस्तकाची जागा बदलणाऱ्यांतलीच झाले असते.

शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनला जाऊन शिकून आले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. ग्रंथालयशास्त्राच्या पहिल्या तासाला हे पाठ करून घेतात आणि १२ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, ग्रंथपाल दिन होतो तेव्हा ही सूत्रं फळ्यावर लिहिलेली असतात. मी ग्रंथालयशास्त्र शिकलेली नाही, पण त्या मार्चनंतर ही सूत्रं वेगळ्या डोळ्यांनी वाचली. त्यातलं दुसरं सूत्र त्या मुलीचंही आहे आणि त्या मुलाचंही. पुस्तक एक आहे. रंगनाथनांनी मुक्तद्वार पद्धतीचा, म्हणजे वाचकाला थेट रॅकपर्यंत जाऊ देण्याचा, आयुष्यभर आग्रह धरला. युरोपात कधीकाळी ग्रंथ साखळीनं मेजाला बांधून ठेवत. तिथपासून उघड्या रॅकपर्यंतचा हा प्रवास. दार उघडं ठेवलं की पुस्तक हलणार, चुकीच्या जागी जाणार, क्वचित पिशवीतून बाहेरही जाणार, हे त्यात आलंच. तरी दार उघडंच ठेवायला हवं, यावर माझा ठाम विश्वास आहे. खिडकीतून चिठ्ठी द्यायची आणि तासाभरानं ‘नाही’ ऐकायचं, ही बंद पद्धत मी एका महाविद्यालयात अनुभवली आहे. तिथे पुस्तक लपवायला कुणालाच संधी नव्हती, आणि शोधायलाही नव्हती.

आता दार उघडं आहे आणि स्टॅक रिकामे आहेत, हे दुखणं वेगळंच. सकाळी आठला वाचनकक्षात जागा मिळत नाही. टेबलाटेबलावर पाण्याच्या बाटल्या, जागा धरायला ठेवलेल्या वह्या, चालू घडामोडींची मासिकं. स्पर्धा परीक्षांची ही मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन येतात. त्यांना इथलं पुस्तक नको असतं, पंखा, उजेड आणि शांतता हवी असते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आस्थाच आहे, एका खोलीत सहाजण राहणाऱ्यानं अभ्यासाला जायचं कुठे? पण वाचनकक्षातून जिन्यानं वर आलं की अख्ख्या मजल्यावर माणूस नसतो. ट्यूबलाइट एकाआड एक बंद. अशा ओसाड मजल्यावर एखादी मुलगी रोज येऊन एक पुस्तक काढते, खिडकीपाशी उभी राहून किंवा फरशीवर बसून वाचते आणि जपून परत लपवते, याचा मला राग यायला हवा होता. थोडा आलाही, त्या मुलाचे तीन दिवस आठवून. पण त्या मजल्यावर पुस्तकासाठी जीव टाकणारी तेवढीच दोघं होती आणि दोघं एकमेकांना ओळखतही नव्हती.

या प्रश्नाला उत्तर नाही असं नाही. उत्तरं जुनी आहेत. आमच्या वेळी ‘ओव्हरनाइट’ची सोय होती: संध्याकाळी पाचनंतर संदर्भाचं पुस्तकसुद्धा न्यायचं, सकाळी दहाच्या आत आणून द्यायचं, आणि दिवसभर ते सगळ्यांसाठी काउंटरमागच्या कपाटात. एका प्रतीवर अख्खा वर्ग निघायचा. कित्येक महाविद्यालयांत बुक बँक असायची, टर्मच्या सुरुवातीला गरजू मुलांना संच मिळायचा, परीक्षेनंतर परत. मी ग्रंथपालांना भेटले. सज्जन माणूस, पुस्तकांवर प्रेम असलेला. त्यांनी रिक्त पदांची अडचण सांगितली. संध्याकाळच्या पाळीला काउंटरवर माणूसच नाही, ओव्हरनाइट चालवणार कोण? ते खोटं बोलत नव्हते. झेरॉक्स काढून दोन-तीन प्रती वाचनकक्षात ठेवायला काय हरकत, असं मी विचारलं तर कॉपीराइटची भीती पुढे आली. मी त्यांना दिल्लीची आठवण करून दिली. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सवाल्यावर आणि विद्यापीठावर ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता, अभ्यासक्रमातल्या प्रकरणांचे गठ्ठे करून विकतो म्हणून. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो दावा फेटाळला, शिकण्यासाठी काढलेल्या प्रतींना कायद्यात जागा आहे असं सांगितलं आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी माघार घेतली. तो निकाल प्रकरणांच्या गठ्ठ्यांबद्दल होता, अख्ख्या पुस्तकाबद्दल नाही, हे मला मान्य आहे. पण जे पुस्तक बाजारातून कधीच गेलंय, त्याची दोन प्रकरणं मुलांना मिळण्यात कुणाचं काय बुडतं? ते म्हणाले, समितीपुढे ठेवतो. मी लेखी अर्ज दिला आहे.

हे सगळं बोलून बाहेर पडले तेव्हा माझ्या एका मैत्रिणीला फोन लावला. एम.ए.ला आम्ही बरोबर होतो. ती बीडकडची, ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयातच काम करायची. सकाळी फडक्यानं रॅक पुसायचे, सुटलेली लेबलं डिंकानं चिकटवायची, परत आलेली पुस्तकं क्रमानं लावायची. तिची बोटं कायम चिकट असत आणि कोणतं पुस्तक कुठे आहे हे तिला कार्डं न बघता ठाऊक असे. झेरॉक्सला पैसे नसत, म्हणून ती दोनशेपानी वह्यांत प्रकरणंच्या प्रकरणं उतरवून काढायची. वसतिगृहाच्या व्हरांड्यातल्या दिव्याखाली, रात्री उशिरापर्यंत. एका अख्ख्या पुस्तकाची तिनं केलेली नक्कल आमच्या वर्गात हातोहात फिरली आणि त्या वहीवर आम्ही चौघी पास झालो. तळटीपासुद्धा उतरवलेल्या होत्या, लाल शाईनं. आता ती एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवते. तिनं विभागातलं एक लोखंडी कपाट स्वतःच्या पुस्तकांनी भरलं आहे आणि किल्ली कपाटालाच लटकते. एक वही दोरीनं बांधलेली, ज्यानं पुस्तक न्यायचं त्यानं नाव, तारीख आणि फोन नंबर लिहायचा. कार्ड नाही, अनामत नाही, दंड नाही. परीक्षेच्या महिन्यात एकच नियम, रात्री न्या आणि सकाळी आणा.

मी तिला सगळी हकीकत सांगून त्या पुस्तकाचं विचारलं. म्हणाली, आहे माझ्याकडे, त्या पुस्तक लपवणाऱ्या मुलीला पाठवून दे. ती कोण, कुठली, मला माहीत नाही, असं मी सांगितलं. मग मामांना विचार, त्यांना माहीत असणार, असं तिनं अगदी सहज सांगून टाकलं. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मामांना माझा नंबर देऊन ठेवलाय. मैत्रिणीनं तिच्याकडची प्रत कुरिअरनं पाठवली, ती माझ्या टेबलावर आहे, आणि बदल्यात तिनं माझ्याकडे ओव्यांची पुस्तकं मागितली, तिच्या विद्यार्थिनी गावोगावच्या ओव्या गोळा करतायत म्हणून. “कपाटात ठेवणार, मुली नेणार, सगळी परत येतील असं नाही सांगत,” म्हणाली. माझ्या संग्रहातली दोन तर आता कुठेच विकत मिळत नाहीत. ती दोन्ही बांधली, वर आणखी तीन ठेवली आणि सोमवारी पार्सल केलं.